गावातल्या चर्चमधले हजार वर्षं जुने कोरीव क्रॉस बघायचे कसे

वायव्य इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला जाणारे आपले लोक वॉस्ट वॉटर तलाव बघायला जाताना गॉसफर्थ गावातून गाडी सरळ पुढे काढतात, आणि तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला, साडेचार मीटरच्या आसपास उंच, लाल सँडस्टोनचा कोरीव क्रॉस उभा आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं. तिकीट नाही, रांग नाही, दोरी लावलेली नाही. जे थांबतात तेही समोरून एक फोटो काढतात, "घासून गेलाय की सगळा" म्हणतात आणि निघतात. असे दगड बघायची एक पद्धत असते, ती कळली की तोच घासलेला दगड तासभर सोडवत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आइल ऑफ मॅन, कुठेही जा, पद्धत तीच.

आधी जायचं कुठे ते ठरवा. एकाच दगडासाठी लांब जाण्यापेक्षा जवळजवळची तीनचार चर्च एका दिवसात करा, कारण शेजारच्या गावातला दगड बघितला की आधीचा जास्त कळतो. नॉर्थ यॉर्कशरमध्ये पिकरिंगच्या आजूबाजूला तर चंगळ आहे: मिडलटनच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये व्हायकिंग काळातले क्रॉस, सिनिंग्टनला भिंतीत बसवलेले तुकडे, लास्टिंगहॅमला चर्चच्या खाली अकराव्या शतकातलं तळघर आणि त्यात ठेवलेले कोरीव दगड, आणि कर्कडेलला दारावरचं दगडी घड्याळ (सूर्याचं), ज्यावर ऑर्म नावाच्या माणसाने पडकं चर्च विकत घेऊन नव्याने बांधलं असं जुन्या इंग्रजीत कोरलंय, एडवर्ड राजा आणि टॉस्टी अर्लच्या (म्हणजे तिथल्या सरदाराच्या) काळात असंही लिहिलंय, म्हणून ते 1055 ते 1065 मधलं हे पक्कं सांगता येतं. अशी पक्की तारीख या विषयात फार कमी वेळा मिळते, बाकी सगळं "नववं शतक असावं", "दहाव्याचा पूर्वार्ध" अशा भाषेत चालतं, त्याची सवय करून घ्या.

चर्च उघडं असेल का, हा खरा प्रश्न. गावाकडची बरीच चर्च दिवसा उघडी असतात पण सगळी नाही. एकाच पाद्रीकडे पाचसहा गावं असतात, त्यामुळे दर रविवारी प्रत्येक गावात प्रार्थना असेलच असं नाही. चर्च ऑफ इंग्लंडची "अ चर्च निअर यू" ही साइट आहे, त्यावर प्रार्थनेच्या वेळा आणि संपर्क मिळतो, आदल्या आठवड्यात चर्चवॉर्डनला (चर्चची व्यवस्था बघणाऱ्या गावकऱ्याला) एक साधा ईमेल टाका की आम्ही अमुक दिवशी दगड बघायला येतोय. गावातले लोक खूश होतात, स्वतःहून दार उघडून देतात आणि व्हेस्ट्रीतला (पाद्रीच्या खोलीतला) सहसा न दिसणारा तुकडाही काढून दाखवतात. बंद असेल तर पोर्चमधला नोटीस बोर्ड वाचा, किल्ली कोणाकडे ते बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर बाहेर थांबायचं, हे सांगायला नको. मोबाइलला रेंज नसते म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा) नकाशा आधीच डाउनलोड करा, त्यात काळ्या चौकोनावर क्रॉस म्हणजे टॉवरवालं चर्च, गोलावर क्रॉस म्हणजे शिखरवालं.

सोबत काय घ्यायचं? एक चांगला टॉर्च, म्हणजे फोनचा नाही, हातात धरायचा वेगळा, एक मोजपट्टी, वही, पेन्सिल, आणि शक्य असेल तर एक माणूस. माणूस कशाला ते सांगतो.

मी म्हणेन की अर्धं काम प्रकाशाचं आहे. हे कोरीवकाम बहुतेक वेळा काही मिलिमीटरच खोल उरलेलं असतं, समोरून उजेड पडला की खळगा आणि उंचवटा सारखेच दिसतात आणि दगड सपाट वाटतो, म्हणूनच फ्लॅश मारलेला फोटो सगळ्यात वाईट येतो. टॉर्च दगडाच्या बाजूला धरायचा, जवळजवळ दगडाला समांतर, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल, आणि मग प्रत्येक लहान कडेची सावली पडते आणि जिथे काहीच नव्हतं तिथे डोळे, बोटं, सापाचं तोंड दिसायला लागतं. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने दोन पावलं मागे उभं राहून बघायचं. आणि एकाच बाजूने नाही: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, चारही बाजूंनी फिरवा, कारण जी रेष उजेडाच्याच दिशेने जाते तिची सावली पडत नाही, ती दिसतच नाही. "इथे काही कोरलेलं नाही" असं ठरवण्याआधी चारही दिशा झाल्याच पाहिजेत.

बाहेर उभ्या असलेल्या क्रॉसला टॉर्चचा उपयोग दिवसा नाही, तिथे सूर्याच्या वेळेचं गणित करायचं. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे कम्ब्रियात (म्हणजे गॉसफर्थच्या भागात) सूर्य डोक्याशी येतो तो दुपारी सव्वाएकच्या सुमारास. पूर्वेकडची बाजू बघायची तर त्याच्या थोडं आधी, पश्चिमेची थोडं नंतर, तेव्हा उजेड घसरता असतो. दक्षिणेची बाजू सकाळी किंवा संध्याकाळकडे. उत्तरेच्या बाजूला ऊन मिळतं ते फक्त उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत, अगदी सकाळी नाहीतर संध्याकाळी उशिरा. म्हणजे चारही बाजू एका भेटीत नीट दिसणं जवळपास अशक्य, एकतर दोनदा जा नाहीतर दिवसभर तिथेच डबा घेऊन बसा. ढगाळ दिवशी सगळं सपाट दिसतं पण दगड ओला असेल तर रंगाचा फरक थोडा कळतो. म्हणून मुद्दाम पाणी ओतू नका मात्र.

हात लावण्याबद्दल एकदाच सांगतो. हात लावायचा नाही. खडूने रेषा भरायच्या नाहीत, कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही, शेवाळ आणि लायकेन (दगडफूल) खरवडायचं नाही. सँडस्टोन वरून कडक दिसतो पण आतून त्याची साखर झालेली असते, बोट फिरवलं की कण सुटतात. जुन्या काळात लोकांनी हे सगळं केलं, गॉसफर्थचा क्रॉस 1882 च्या सुमारास धुऊन लायकेन काढला तेव्हाच त्यावरची बरीच चित्रं पहिल्यांदा नीट ओळखू आली हे खरं, पण आज तीच माहिती टॉर्च आणि कॅमेऱ्याने मिळते.

आता दगडासमोर उभं राहिल्यावर. लगेच चित्रं शोधू नका, आधी पूर्ण चक्कर मारा आणि एकंदर आकार बघा. खाली बैठक आहे का, मूळची की नंतरची? दांडा चौकोनी की गोल? गॉसफर्थला खालचा भाग गोल आणि वर जाऊन चौकोनी होतो, ते लांबूनच दिसतं. माथा आहे का, आणि त्याच्या हातांना जोडणारं दगडी कडं आहे का? उत्तर इंग्लंडमध्ये असं कडं दिसलं तर क्रॉस बहुधा स्कँडिनेव्हियन लोक येऊन स्थायिक झाल्यानंतरचा, म्हणजे दहाव्या शतकाकडचा. बऱ्याच ठिकाणी माथा नसतोच. कम्ब्रियाच्या उत्तर टोकाला बुकॅसल म्हणून आडगाव आहे, तिथल्या क्रॉसचा माथा गेलेला आहे पण दांडा मूळ जागी उभा आहे, आणि त्याच्या दक्षिणेच्या बाजूवर सूर्यघड्याळ कोरलंय जे इंग्लंडमधलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं मानतात.

मग नक्षी. साधारण नियम असा की द्राक्षाची वेल, तिच्यात बसून फळं खाणारे पक्षी आणि प्राणी, गोलाईदार खोल कोरीवकाम असं असेल तर आठवं, नववं शतक, म्हणजे व्हायकिंगच्या आधी तिथे राहणाऱ्या अँगल लोकांचं, अँग्लियन काम. साखळीसारख्या गुंतलेल्या कड्या, लांब रिबिनीसारखे प्राणी स्वतःच्याच शेपटीत अडकलेले, चपटं काम, हत्यारं घेतलेली माणसं, असं असेल तर दहावं शतक. अपवाद भरपूर आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं. वेणीची नक्षी दिसली की एक धागा पकडा आणि डोळ्याने त्याच्या मागे जा, एकदा वरून, एकदा खालून, परत वरून असा तो जायला हवा. जिथे दोनदा सलग वरून गेला तिथे कारागिराची चूक सापडली. हा खेळ मुलांना फार आवडतो, आणि मोठ्यांनाही, कारण धागा हरवला की परत पहिल्यापासून यावं लागतं. रिचर्ड बेली या अभ्यासकाने दाखवून दिलं की काही ठिकाणी कारागीर साचे वापरत होते, तीच आकृती तेवढ्याच मापाची वेगवेगळ्या गावांत सापडते. मोजपट्टी त्यासाठी, दगडाला न टेकवता बाजूला धरून फोटो घ्यायचा.

आणि एक गोष्ट मनात ठेवा की हे दगड मूळचे असे राखाडी, तपकिरी नव्हते. काहींवर पांढरा थर आणि लाल रंगाचे अंश सापडलेत. 2003 मध्ये लिचफील्डच्या कथीड्रलमध्ये जमिनीखाली आठव्या शतकाच्या आसपासचा कोरीव देवदूत मिळाला, त्याच्यावर तर रंग स्पष्ट होता. खोल कोपऱ्यांत, पानांच्या खाली टॉर्च मारून बघा, कधी कधी लालसर डाग राहिलेला असतो, पण तो दगडातल्या लोखंडाचाही असू शकतो, तेव्हा लगेच आनंदाने उड्या मारू नका.

आता चित्रं. आपल्याकडच्या वीरगळाला खालून वर वाचायचा एक क्रम असतो, खाली लढाई, वर स्वर्ग, त्याच्याही वर पूजा. इथे तसा सरसकट नियम नाही, प्रत्येक चौकट स्वतंत्र धरा आणि शेवटी जोडा. आधी फक्त काय दिसतं ते वहीत लिहा, कोण आहे ते नको. "माणूस, उजव्या हातात काठी, पाय प्राण्याच्या तोंडात" असं. मग चर्चची माहितीपुस्तिका उघडा. उलट केलं की पुस्तिकेत लिहिलेलंच दिसतं आणि दुसरं काही दिसत नाही. मिडलटनचा योद्धा हे याचं उत्तम उदाहरण: टोकदार शिरस्त्राण घातलेला माणूस, आजूबाजूला भाला, ढाल, तलवार, कुऱ्हाड. पूर्वी लोक म्हणायचे हा थडग्यात हत्यारांसकट झोपवलेला मेलेला व्हायकिंग आहे. नंतर लक्षात आलं की खांद्यांच्या वर जे गोल उठाव आहेत ते खुर्चीच्या पाठीचे खांब असू शकतात, म्हणजे हा जिवंत सरदार आसनावर बसलाय. दगड तोच, पण दोन गोळ्यांचा अर्थ बदलला आणि मेलेला माणूस उठून बसला. तुम्ही स्वतः तिथे उभे राहून ते उठाव बघा आणि काय वाटतं ते ठरवा, मला तरी खुर्चीच पटते.

गॉसफर्थला नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, पुराणकथा आणि ख्रिस्त एकाच दांड्यावर आहेत. पश्चिमेच्या बाजूला खाली कपटी लोकी बांधलेला आहे आणि त्याची बायको सिगिन सापाचं विष झेलायला वाडगं धरून बसलीय, पूर्वेला ओडिन या मुख्य देवाचा मुलगा विदार लांडग्याचा जबडा फाडतोय, आणि त्याच बाजूला हात पसरलेला ख्रिस्त, त्याच्या खाली एक भालेवाला आणि लांब पोशाख, वेणी घातलेली बाई. आइल ऑफ मॅनवर कर्क अँड्रियास चर्चमधल्या एका छोट्या तुकड्यावर हेच जास्त थेट आहे: एका बाजूला खांद्यावर पक्षी बसलेला भालेवाला, पाय लांडग्याच्या तोंडात, म्हणजे ओडिन संपतोय, आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला पुस्तक आणि क्रॉस धरलेला माणूस. म्हणून मी परत परत सांगतोय की मागची बाजू बघितल्याशिवाय जाऊ नका, भिंतीला टेकवून ठेवला असेल तर टॉर्च आणि फोन आत सरकवून बघा. गॉसफर्थला चर्चच्या आतही जा, तिथे घराच्या छपरासारख्या आकाराचे दोन थडग्यावरचे दगड आहेत, ज्यांना हॉगबॅक म्हणतात, आणि गडगडाटाचा देव थॉर मासे पकडतोय असा एक भिंतीत बसवलेला दगड. हॉगबॅक ही गंमतच आहे, बनवणारे स्कँडिनेव्हियन वंशाचे पण खुद्द स्कँडिनेव्हियात असे दगड नाहीत. नॉर्थॅलर्टनजवळ ब्रॉम्प्टनच्या चर्चमध्ये तर दोन टोकांना अस्वलं मिठी मारून बसलीयत.

अक्षरं सगळ्यात शेवटी, कारण ती सापडली की माणूस बाकी काही बघत नाही. लॅटिन, रून (उत्तर युरोपातली जुनी, सरळ रेघांची अक्षरं) आणि वेल्स, मॅनकडे ओघम, अशा तीन लिप्या भेटतात. ओघम म्हणजे दगडाच्या कडेवर मारलेल्या खाचा, ओरखडा समजून सोडून द्याल. वेल्समध्ये नेव्हर्नच्या चर्चमध्ये खिडकीच्या पट्टीत असाच एक दगड बसवलाय, त्यावर लॅटिन आणि ओघम दोन्हींत नाव आहे, आणि बाहेर आवारात चार मीटरचा क्रॉस. लँटविट मेजरला नवव्या शतकातल्या क्रॉसवर होवेल्टने आपल्या बापाच्या, रेसच्या आत्म्यासाठी हा करवला असं लिहिलंय. आइल ऑफ मॅनवर कर्क मायकलला एका क्रॉसवर रून लिपीत कारागिराने सरळ सांगितलंय की गाउटने हा केला आणि मॅनमधले सगळे केले. जाहिरात!

पण अक्षरांसाठी एकच जागा बघायची असेल तर दक्षिण स्कॉटलंडमधलं रथवेल. आठव्या शतकातला, साडेपाच मीटरच्या जवळ उंच क्रॉस एका लहानशा चर्चच्या आत उभा आहे, एवढा उंच की त्याच्यासाठी 1887 मध्ये मुद्दाम वेगळा अर्धगोल भाग बांधला आणि जमिनीत खड्डा करून खाली उतरवला. रुंद बाजूंवर बायबलमधले प्रसंग आणि भोवती लॅटिन, अरुंद बाजूंवर वेल आणि तिच्या कडेने रून. रून वाचायला त्रास होतो कारण ओळी दोनचार अक्षरांच्या आहेत आणि खाली खाली उतरत जातात, म्हणून पुस्तकातल्या ओळीसारखं आडवं वाचायला गेलात तर काहीच लागत नाही. आधीच्या विद्वानांनी त्यातून भलतंच काहीतरी काढलं होतं, 1840 मध्ये जॉन केंबलने ती जुन्या इंग्रजीतली कविता आहे हे ओळखलं, ज्यात क्रॉस स्वतः बोलतो. तीच कविता जास्त लांब रूपात इटलीतल्या व्हेर्चेलीच्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितातही आहे.

रथवेलला तुटकेपणही वाचा. 1640 च्या दशकात स्कॉटलंडच्या चर्चने मूर्तिपूजेचं म्हणून तो फोडायला लावला, तुकडे चर्चमध्ये आणि आवारात पडून राहिले, मग हेन्री डंकन नावाच्या तिथल्या पाद्रीने (ज्याने 1810 मध्ये त्याच गावात बचत बँकही काढली, भारी माणूस) ते गोळा करून 1823 मध्ये आपल्या बागेत उभे केले. आडवे हात मिळाले नाहीत म्हणून नवीन करवले, आणि सगळ्यात वरचा तुकडा उलटा बसवला गेलाय, पुढची बाजू मागे. तिथे गेलात की जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते रंगावरून आणि कडांवरून शोधून काढा.

बाकी ठिकाणी तुकडे का असतात? कारण नॉर्मन लोकांनी चर्च नव्याने बांधताना जुने क्रॉस सरळ बांधकामाचा दगड म्हणून वापरले, आणि व्हिक्टोरियन काळात दुरुस्ती करताना ते भिंतीतून, पायातून बाहेर आले. त्यामुळे चर्चमध्ये शोधायचं कुठे तर पोर्चच्या भिंती, टॉवरच्या तळाशी घंटेच्या दोऱ्यांमागे, खिडक्यांच्या पट्ट्या, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ, फुलांच्या स्टँडमागे, आणि बाहेरून पूर्ण फेरी मारून भिंतीतला प्रत्येक वेगळा दिसणारा दगड. तुकड्याला चुन्याचा मसाला चिकटलेला दिसला तर तो भिंतीत होता, एक बाजू सपाट तासलेली असेल तर गवंड्याने मापात बसवायला नक्षी उडवली, हे लगेच ओळखता येतं.

फोटोंना नाव देताना तज्ज्ञांची पद्धत वापरा, नंतर फार सोपं जातं: पहिली रुंद बाजू ए, मग क्रमाने बी, सी, डी, वरचं टोक ई, खालचं एफ. डरहॅम विद्यापीठात रोझमेरी क्रॅम्प यांनी इंग्लंडमधल्या अशा प्रत्येक दगडाची सूची करायचं काम सुरू केलं, पहिला खंड 1984 चा, ते कॉर्पस ऑफ अँग्लो-सॅक्सन स्टोन स्कल्प्चर नावाने ऑनलाइन फुकट बघता येतं आणि त्यात हीच अक्षरं वापरलीयत. गावाचं नाव टाका, दगडाचा नंबर, माप, दगडाचा प्रकार, कोणी काय म्हटलंय सगळं येतं. मी मुद्दाम घरी आल्यावर उघडतो, आधी नाही. थ्रीडी मॉडेल करायचं असेल तर टॉर्च बंद, उजेड सगळीकडून सारखा, दगडाभोवती फिरत प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे भरपूर फोटो घ्या, वरच्या बाजूला काठीवर फोन लावून. ट्रायपॉड लावायच्या आधी विचारा. झपाटलेले असाल आणि बाहेरचा क्रॉस खूपच घासलेला असेल तर जुनी प्लास्टरची प्रत कुठे आहे का ते शोधा, गॉसफर्थची लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, 1882 ची, म्हणजे तेव्हापासूनचा पाऊसवारा तिने सोसलेला नाही.

निघताना डोनेशन बॉक्समध्ये काहीतरी टाका, छप्पर त्यावर चालतं, बऱ्याच ठिकाणी आता कार्डनेही घेतात. व्हिजिटर बुकमध्ये दगड बघायला आलो होतो असं स्पष्ट लिहा, दुरुस्तीसाठी अनुदान मागताना त्यांना ते दाखवता येतं. आणि दार ओढून घ्या, पक्षी आत शिरले तर बाहेर काढता काढता नाकी नऊ येतात.